वीरकथेला कागदाचे वावडे नको

मराठी घरात इतिहास येतो तो शाळेच्या पुस्तकातून कमी आणि कादंबरीतून जास्त. दहावीनंतर सनावळ्यांशी संबंध तुटलेला माणूससुद्धा ‘श्रीमान योगी’, ‘छावा’ आणि ‘पानिपत’ या पुस्तकांतल्या प्रसंगांवर तासभर तावातावाने बोलू शकतो. या तिन्ही पुस्तकांचे लेखक एकाच जिल्ह्याचे आहेत. रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे आणि विश्वास पाटील शाहूवाडी तालुक्यातल्या नेर्ल्याचे. त्यांच्याही आधी बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये कोल्हापुरातच ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. पुढे भालजी पेंढारकरांनी इथूनच एकामागून एक ऐतिहासिक चित्रपट दिले आणि शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या डफाने गावोगावच्या जत्रा दणाणून सोडल्या. महाराष्ट्राच्या मनात घोड्यावर बसलेला जो लढवय्या आहे, त्याच्या घडणीत कोल्हापूरचा वाटा फार मोठा आहे. म्हणूनच लोकप्रिय इतिहासाबद्दलची एक मागणी कोल्हापुरातून व्हायला हवी असे मला वाटते. लढाया, सेनापती आणि पहिली विमाने यांच्यावर सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिणाऱ्याने ‘हे मला कशावरून कळले’ ते त्याच पुस्तकात सांगितले पाहिजे.

मागणी साधी आहे, पण तिला विरोध जुना आहे. वाचकाला गोष्ट हवी असते, कागदपत्रे पुढे आली की रस आटतो, असे प्रकाशक सांगतात आणि लेखकही मान डोलावतात. हा समज किती पोकळ आहे ते पाहायला कोल्हापूर जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. गडहिंग्लज तालुक्यातली नेसरी पुरेशी आहे.

प्रतापराव गुजर नेसरीजवळ पडले, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी. उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला त्यांनी सोडून दिले, महाराजांनी कठोर शब्दांत जाब विचारला आणि त्या बोलाने पेटलेला सेनापती मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडला, ही कथा आपल्याला तोंडपाठ आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि लता मंगेशकरांच्या आवाजाने ती घराघरांत नेली. आता प्रश्न असा की कवितेतला ‘सात’ हा आकडा आला कुठून? कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला १६९७ मध्ये बखर लिहिली. तिच्यात प्रतापराव पडल्याची हकीकत आहे, मोठे युद्ध झाल्याचे सांगितले आहे, पण सात स्वारांचा आकडा नाही. एवढे वाचून एखादा घाईचा टीकाकार म्हणेल की सात ही कवीची कल्पना. तसे नाही. लढाईनंतर दीड महिन्याच्या आत, ४ एप्रिल १६७४ रोजी, नारायण शेणवी नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दुभाष्याने मुंबईच्या इंग्रजांना पत्र लिहिले. दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारले गेले आणि बाकीच्या सैन्याची मदत त्यांना पोहोचली नाही, असे त्यात आहे. एक आणि सहा मिळून सात. ज्या आकड्याला कविकल्पना म्हणून सोडून द्यावे असे वाटते, तो एका व्यापारी कंपनीच्या कारभारी पत्रात आहे.

हा शोध वाचताना माझ्या अंगावर जो काटा आला, तो कुठल्याही रंगवलेल्या वर्णनाने आला नव्हता. नारायण शेणवी कुणाचा भाट नव्हता. रायगडावर काय चालले आहे आणि कंपनीच्या व्यापाराला त्याचा काय फायदा-तोटा, एवढीच त्याची नजर. अशा माणसाच्या कोरड्या ओळीत सहा अनाम स्वार उभे राहतात तेव्हा त्यांच्यावर विश्वास बसतो. आज स्मरणिकांत आणि फलकांवर त्या सहा जणांची नावे छापलेली असतात. पत्रात एकही नाव नाही, नावे पुढच्या काळात जोडली गेली. लोकप्रिय पुस्तकाने हे तीन थर वेगळे करून दाखवले तर वाचकाचे काय बिघडेल? सभासद काय म्हणतो, शेणवी काय म्हणतो आणि पुढच्या पिढ्यांनी काय भर घातली, हे पानभर मजकुरात सांगता येते. ते पान पुस्तकातले सर्वांत रंजक पान ठरेल, याबद्दल मला शंका नाही.

त्याच पत्राने एक अवघड प्रश्नही आपल्यासमोर ठेवला आहे. बाकीचे सैन्य मागे का राहिले? सरनौबत एकटा पुढे जातो ही शौर्याची बाब झाली, पण सैन्याच्या दृष्टीने ती आपत्ती आहे. आपली पुस्तके प्रतापरावांच्या देहाशी थांबतात. इतिहास थांबला नाही. सरदार आनंदरावाने विस्कटलेली फौज सावरली आणि महिनाभरातच बहलोलखानाच्या जहागिरीत घुसून संपगावची पेठ लुटली. सरनौबतीची वस्त्रे हंबीरराव मोहित्यांना मिळाली. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. सेनापती पडल्यावर पळत सुटणाऱ्या फौजा हिंदुस्थानाने शेकड्यांनी पाहिल्या होत्या. ही फौज महिन्यात पुन्हा चालून गेली, कारण ती एका माणसाच्या आधारावर उभी नव्हती. शिवाजी महाराजांच्या लष्करी कर्तृत्वाचे याहून मोठे प्रमाण कोणते? तरीही ‘नेसरीनंतरचा महिना’ असे प्रकरण लोकप्रिय पुस्तकात मला आढळलेले नाही. वीरमरणावर संपणारी गोष्ट लिहायला सोपी जाते. राज्य कसे टिकले ही गोष्ट लिहायला मेहनत लागते.

पन्हाळ्याचेही तेच. दरवर्षी जुलैत हजारो तरुण पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. मसाई पठारावरचे धुके, करपेवाडीच्या पुढची गुडघाभर चिखलाची भातखाचरे, बुटात शिरणाऱ्या जळवा आणि पांढरेपाण्याच्या अलीकडचे ते न संपणारे जंगल ज्याने एकदा तुडवले, त्याला सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले ती १२ आणि १३ जुलै १६६० ची रात्र कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त कळते. पालखी खांद्यावर घेऊन, मशाली न पेटवता, मागावर घोडदळ असताना साठेक किलोमीटरची ही वाट तोडायची म्हणजे काय, हे पोटऱ्या सांगतात. बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांचे मोल तिथे समजते. पण याच वेढ्यातला एक प्रसंग आपल्याकडे दोन ओळींत उरकला जातो. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दी जौहरच्या छावणीत आला आणि त्याने इंग्रजांचे निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे डागले. शिवाजी महाराजांनी हे विसरायचे नाकारले. १६६१ मध्ये राजापूरवर छापा पडला, वखार खणली गेली, इंग्रज कैद झाले आणि त्यांतले काही १६६३ पर्यंत सुटले नाहीत. खुद्द कंपनीच्या सुरतेच्या वरिष्ठांनी राजापूरच्या इंग्रजांची कानउघाडणी केली.

या एका प्रकरणात सतराव्या शतकातले केवढे जग सामावले आहे! आदिलशाहीचा हबशी सरदार, तोफगोळे विकून दोन पैसे जादा मिळवू पाहणारा इंग्रज व्यापारी, आणि परकीय निशाणाखाली झालेला हल्ला लक्षात ठेवून मुळावर घाव घालणारा राजा. तो काळ सागरी व्यापाराचा आणि तोफांचा होता, आणि मराठ्यांची लढाई त्या जगाशीही होती. आपले लोकप्रिय लेखन तिला खिंडीत कोंडून ठेवते. इंग्रजांच्या वखारींची पत्रे छापून कितीतरी वर्षे झाली, ती कुणापासून लपवलेली नाहीत.

आता गडहिंग्लज तालुक्यातच परत येऊ. नेसरीपासून जवळच सामानगड आहे. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी उठाव केला त्याची ठिणगी तिथे पडली. गडाची राखण करायची आणि त्या बदल्यात वंशपरंपरेने इनाम जमीन कसायची, ही गडकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था होती. इंग्रजांच्या तंत्राने चालणाऱ्या दाजी पंडितांच्या कारभाराने या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या. गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. सामानगडापाठोपाठ भुदरगड, पन्हाळा, पावनगड, विशाळगड पेटले. कर्नल ओव्हन्स हा इंग्रज अधिकारी पन्हाळ्यावर कैदेत पडला. १३ ऑक्टोबरला सामानगड इंग्रजांनी घेतला, १ डिसेंबरला पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडून ते आत शिरले. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच जमीनदोस्त झाला. आज पर्यटक तिथल्या उरल्यासुरल्या दगडांवर बसून कणसे खातात आणि ते दगड कुणी पाडले हे सांगायला कुणी नसते.

१८५७ च्या तेरा वर्षे आधी, एका संस्थानातले किल्ले एकामागून एक इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, ही काय सामान्य घटना आहे? पण तिला नायक नाही. घोड्यावरचा एकच एक चेहरा नाही, अखेरचे वाक्य नाही. आहेत ती माणसे जमीन गेली म्हणून तलवार उचलणारी. वीरकथेच्या ठरलेल्या साच्यात ती बसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर खपाचे पुस्तक निघत नाही. माझा मुख्य आक्षेप या निवडीवर आहे. पुरावा न पाहता लिहिण्याची सवय लागली की घटना निवडतानाही आपण फक्त साच्यात बसणाऱ्याच घेतो, आणि मग अर्धा इतिहास कायमचा दाराबाहेर राहतो.

विमानांच्या बाबतीत या सवयीने कळस गाठला. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, असे पुस्तकांत, भाषणांत, चित्रपटात आपण ऐकतो. तळपदे खरे होते, हरहुन्नरी होते, त्यांना विमानविद्येचे वेड होते. पण त्या उड्डाणाचा समकालीन पुरावा आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार सांगितला जातो, त्याची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणारी नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. पाचांतले एक नाव देशपांडे आहे हेही नोंदवून ठेवतो, कारण असल्या चिकित्सेला परकीयांचा कावा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या बारा सेकंदांच्या उड्डाणाचे छायाचित्र आहे, साक्षीदार आहेत, घरी धाडलेली तार आहे, दैनंदिनी आहे. मान मिळतो तो या साऱ्याला.

याच मुंबईचा दुसरा एक तरुण होता, श्रीकृष्ण वेलिणकर. हिंदी माणसाला वैमानिक अधिकारी करायला ब्रिटिश साम्राज्य राजी नव्हते, त्या काळात तो इंग्लंडला जाऊन विमान चालवायला शिकला आणि रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमाने चालवणारे हिंदी वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतला हा एक. फ्रान्सच्या आकाशात तो सॉपविथ डॉल्फिन जातीचे एकआसनी विमान चालवत असे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या पोकळीतून बाहेर आणि पाठीवर पॅराशूट नाही. जून १९१८ मध्ये तो जर्मन हद्दीत पडला आणि जखमांमुळे ३० जूनला शत्रूच्या कैदेत वारला. फ्रान्समध्ये हांगार्ड इथल्या युद्धस्मशानात त्याचे थडगे आहे. त्याच्यानंतर तीन आठवड्यांनी बंगालचा इंद्रलाल राय पडला. दोन आठवड्यांत दहा शत्रूविमानांचा हिशेब चुकता करणाऱ्या त्या एकोणीस वर्षांच्या पोराला बंगालने लक्षात ठेवले.

वेलिणकर मराठी वाचकाला ठाऊक नाही. जे घडल्याचा पुरावा नाही त्यावर आपण चित्रपट काढला, आणि ज्याच्या नावाचा दगड परदेशात उभा आहे त्याला विसरलो. याचे मला मनापासून दुःख होते. तळपद्यांच्या चाहत्यांशी माझे भांडण नाही. ‘आम्हीही काही कमी नव्हतो’ ही त्यांची तळमळ मला समजते. पण ती तळमळ खऱ्या माणसावर खर्च झाली असती तर आज शाळेतल्या मुलाला पहिल्या मराठी लढाऊ वैमानिकाचे नाव सांगता आले असते. कोल्हापूरला तर उड्डाणाची स्वतःची परंपरा आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीला विमानतळ उभारला तो १९३९ साली, जेआरडी टाटांनी कराची ते मुंबई टपाल विमान नेल्याला जेमतेम सात वर्षे झाली होती तेव्हा. देशातल्या एका मध्यम संस्थानाने विमानाचा असा विचार का केला, पैसा कुठून उभा केला, पहिले विमान उतरले तेव्हा शहराने काय पाहिले, या विषयावर चांगले दीडशे पानी पुस्तक व्हावे.

दंतकथांच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. पारतंत्र्यात कणा ताठ ठेवायला वीरकथाच कामी आल्या, पुरावे मागत बसलो असतो तर समाज उभा राहिला नसता, असे म्हणतात. पण आपलाच वारसा याच्या उलट साक्ष देतो. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला तेव्हा त्याला उत्तर द्यायला पुढे आलेल्या नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी कागदांच्या बळावर टीका केली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे वाडे, मठ, अडगळीच्या खोल्या पालथ्या घालत फिरले आणि १८९८ पासून त्यांनी साधनांचे खंड काढले. पारतंत्र्यातच, पदरमोड करून. राजवाड्यांचा अभिमान कुणापेक्षा कमी होता असे कोण म्हणेल? आमच्या पूर्वजांचा पराक्रम खरा आहे, म्हणून तो कागदाच्या कसाला उतरेल, अशी त्यांची खात्री होती. कसाला घाबरणारा अभिमान मला अधू वाटतो.

कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे, ते असलेच पाहिजे. कोवाडच्या घरात बसून रणजित देसाईंनी महाराजांच्या मनातले बोल लिहिले, त्यावर पुरावा मागणे मूर्खपणाचे ठरेल. पण ‘श्रीमान योगी’लाच नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे हे वाचकांनी आठवावे. शिवचरित्राची साधने कोणती, त्यांवर कितपत भरवसा ठेवायचा, कुठले प्रश्न अजून सुटायचे आहेत, यांची रोखठोक चर्चा तिथे कादंबरीच्या दारातच मांडली आहे. देसाईंनी ती छापू दिली, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. पुस्तकाचा खप त्यामुळे तसूभरही घटला नाही. दुसरे उदाहरण कोल्हापूरचेच, गोविंद पानसऱ्यांचे ‘शिवाजी कोण होता?’. लहानशी, भाषणातून उतरलेली पुस्तिका, सोपी भाषा, ठाम भूमिका. लाखांवर प्रती खपल्या. तिच्या भूमिकेशी कुणाचे पटो न पटो, रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नये म्हणणाऱ्या राजाज्ञा, महसूल, वतने हे विषय पोवाड्याइतक्याच आवडीने वाचले जातात हे तिने सिद्ध केले.

पुरावा आणि कल्पना यांची सरमिसळ झाली की जिवंत माणसांना त्याची झळ पोहोचते. ‘छावा’ कादंबरीवरून २०२५ मध्ये चित्रपट आला, तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी पूर्वजांवरच्या फितुरीच्या ठपक्याला हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला जाहीर माफी मागावी लागली. पडद्यावरचे सारे इतिहास समजून पाहणाऱ्या प्रेक्षकाला दोष देऊन काय उपयोग? खात्रीचे काय आणि लेखकाचे काय, हे त्याला सांगण्याची जबाबदारी आधीच कुणी घेतली नव्हती.

शेवटी त्या सैनिकांबद्दल, ज्यांच्यावर पुस्तकच नाही. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी आणि करवीरमधले सैनिक गिरगाव यांच्या नावातच पलटण आहे. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या, उपाशी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. १९४१ मध्ये केरेनच्या डोंगरांवर आणि पुढे इटलीत त्या लढल्या. इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडग्यांचा क्रॉस मरणोत्तर होता. या मोहिमांवर इंग्रजीत कपाटे भरतील इतकी पुस्तके आहेत. मराठीत त्या गावांच्या बाजूने, त्या घरांच्या नजरेने लिहिलेले पुस्तक शोधावे लागते. आणि साधने तर घरातच आहेत. त्या काळच्या लष्करी पदकाची कड उजेडात धरून पाहिली तर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली दिसते. तेवढ्या एका ओळीवरून तो माणूस कुठल्या आघाडीवर होता याचा माग काढता येतो. ट्रंकेच्या तळाशी असलेले डिस्चार्जचे पुस्तक, पेन्शनची कागदपत्रे, छावणीतून आलेले एखादे पोस्टकार्ड यांतून पुढचे उभे राहते. दर पिढीला घर पाडून नवे बांधताना हे सगळे भंगारात जाते.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. आजोबा-पणजोबा फौजेत असतील तर या आठवड्यात ती ट्रंक उघडा, पदकाच्या कडेचे आणि कागदांचे फोटो काढा, ज्याला जे आठवते ते तारीख घालून लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागात किंवा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे पोहोचती करा. आणि लढाईवरचे पुस्तक विकत घेताना शेवटची दहा पाने आधी उघडा. साधनांविषयी तिथे एक शब्दही नसेल, तर तसे प्रकाशकाला पत्र लिहून कळवा.